घरच्या आर्केडसाठी स्वस्तातला एन्कोडर कोणता घ्यावा?

गणपतीला चाकरमानी यायच्या आत आर्केडचं कॅबिनेट, म्हणजे बटणं-जॉयस्टिक बसवलेली खेळाची पेटी, उभं करायचं म्हणून श्रावणात एन्कोडरची खरेदी वाढते. घाईत चुकीचा बोर्ड घरी जाऊ नये, यासाठी आमच्या दुकानाचं हे पत्रक. एन्कोडर म्हणजे बटणं आणि जॉयस्टिकच्या वायरी यूएसबीमार्गे कॉम्प्युटरला जोडून देणारा छोटा बोर्ड. बटण दाबल्यावर दोन टोकं जुळतात आणि बोर्ड ते कॉम्प्युटरला कळवतो. एवढंच त्याचं काम.

आधी मोजणी करा. जॉयस्टिकच्या ४ दिशा, ६ बटणं, स्टार्ट आणि कॉइन मिळून एका खेळाडूला १२ जोडण्या लागतात, दोघांना २४.

'झिरो डिले' नावाने मिळणारा तयार बोर्ड स्वस्त, आणि घरच्या वापराला बहुतेकांना तोच पुरतो. तो कॉम्प्युटरला गेमपॅड म्हणून दिसतो आणि वायरी, कनेक्टर सोबतच येतात. नावात झिरो असला तरी थोडा विलंब असतोच. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रं, दाखवणाऱ्या खेळात एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची; इतक्या बारीक विलंबाचा पोरांना फरक कळणार नाही, मारामारीचे खेळ हिरिरीने खेळणाऱ्याला कळू शकेल. या बोर्डावर टर्बो, ऑटो आणि मोड अशाही पिना असतात. तिथे बटण लावू नका. खेळता खेळता मोड बदलला की जॉयस्टिक एकाएकी चालेनाशी होते, आणि लोक बोर्ड बिघडला म्हणून परत आणतात.

दोन खेळाडूंसाठी असे दोन बोर्ड लागतात, पण दोन्ही एकाच नावाने दिसतात. मशीन बंद करून चालू केलं की कधी कधी पहिला खेळाडू दुसरा होतो. म्हणून कोणती केबल कोणत्या पोर्टमध्ये, ते खडूने लिहून ठेवा आणि ती अदलाबदल करू नका. एकाच केबलवर दोन खेळाडू देणारे बोर्डही मिळतात, मात्र रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर त्यातले काही एकच गेमपॅड म्हणून दिसतात आणि मग सिस्टिमच्या सेटिंगमध्ये खटपट करावी लागते. विंडोजवर चालवणार असाल तर बिनधास्त घ्या.

सोल्डरिंगचा हात असेल तर रास्पबेरी पाय पिको घ्या (हा कॉम्प्युटर नव्हे, त्याच कंपनीचा छोटा कंट्रोलर बोर्ड), आमची पहिली पसंती तिलाच. बोर्डावरचं बूटसेल बटण दाबून धरा आणि यूएसबी जोडा. पेनड्राइव्हसारखा ड्राइव्ह उघडतो, त्यात जीपी२०४०-सीई (GP2040-CE) या फर्मवेअरची, म्हणजे पिकोला गेमपॅड बनवणाऱ्या सॉफ्टवेअरची, फाईल टाकली की काम झालं. विलंब जवळपास नाही. पण खेळाडूमागे एक पिको लागते, आणि पिना ३.३ व्होल्टच्या असल्याने त्यांना ५ व्होल्ट लावायचे नाहीत.

जुना कीबोर्ड फोडून एन्कोडर करायचा मोह टाळा. आत जाळीसारखी जोडणी असते, त्यामुळे ठरावीक तीन कळा एकत्र दाबल्या की चौथी आपोआप उमटते. शिवाय बरेच कीबोर्ड एका वेळी सहाच कळा कळवतात. दोघांनी जॉयस्टिक तिरकी धरली की चार तिथेच संपल्या.

जोडणी करताना मायक्रोस्विचच्या (बटणाखालच्या छोट्या स्विचच्या) तीन पायांपैकी कॉमन आणि एनओ (दाबल्यावर जुळणारा) हे दोनच वापरा. एनसीला (न दाबता जुळलेला पाय) वायर लावलीत तर बटण न दाबताच दाबलेलं दिसेल. आर्केडच्या जाड मायक्रोस्विचला ४.८ मिमीचे टर्मिनल (वायरीच्या टोकाच्या चिमट्या) लागतात, जपानी पद्धतीच्या बारीक बटणांना २.८ मिमीचे, खरेदीआधी पाय मोजून घ्या. जॉयस्टिकला वायरी लावताना हमखास गफलत होते: दांडा वर ढकलला की खालचा स्विच दाबला जातो. म्हणजे 'वर'ची वायर खालच्या स्विचला. ग्राउंडची, म्हणजे सगळ्या बटणांना सामाईक असलेली, वायर बटणाबटणांतून फिरवत नेलीत तर शेवटचं टोकही परत बोर्डाच्या ग्राउंडला जोडा. नाहीतर मध्ये एक टर्मिनल निसटलं की पुढची सगळी बटणं मुकी.

आता आपल्याकडचं खरं दुखणं. मालवण, देवगडसारख्या किनाऱ्यालगतच्या घरांत एन्कोडरच्या आधी टर्मिनल जातात. खाऱ्या दमट हवेने पायांवर हिरवट थर चढतो आणि बटण दोनदा दाबल्यावर एकदा लागतं. टर्मिनल काढा, बारीक पॉलिश पेपरने पाय घासा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि घट्ट बसवा. बिजागऱ्यांना मारायचा तेलकट स्प्रे मारू नका, त्यावर धूळ बसते. कॅबिनेटला साधं एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) पावसाळ्यात फुगतं, मरीन प्लाय बरा. बोर्ड तळाला न ठेवता बाजूच्या फळीवर नायलॉनच्या स्पेसरवर बसवा आणि मागच्या भोकांना मच्छरदाणीची जाळी लावा. मुंग्या आणि पाली आत शिरल्या की शॉर्टसर्किट ठरलेलंच. विजा कडाडायला लागल्या की प्लग काढून ठेवा.

बोर्ड बदलून मागायच्या आधी एक चाचणी करा. विंडोजवर रन उघडून joy.cpl (जॉय डॉट सीपीएल) चालवा, गेमपॅड तपासायची खिडकी उघडते. बंद पडलेल्या बटणाचा कनेक्टर बोर्डावरून काढा आणि त्या दोन पिना वायरच्या तुकड्याने क्षणभर जोडा. स्क्रीनवर बटण उजळलं तर बोर्ड ठणठणीत आहे; दोष वायरीत किंवा स्विचमध्ये, तेव्हा येताना तेवढंच घेऊन या. नाही उजळलं तर बोर्ड केबलसकट आणा, कारण निम्म्या वेळा केबलच तुटकी निघते.