पार्श्वभूमी : घटता पट आणि लहान वर्गाचे संशोधन

गोव्यात सरकारी मराठी प्राथमिक शाळेत दहा-बारा मुले उरली की विलीनीकरणाचा विषय निघतो. मग शाळा वाचवू पाहणारे सांगतात, वर्ग लहान असला की मुले जास्त शिकतात. शाळा वाचायलाच हवी, पण हा दावा ज्या अभ्यासातून आला त्यातले वर्ग वेगळे होते.

अमेरिकेच्या टेनेसी राज्यात १९८५ ते १९८९ दरम्यान बालवाडी ते तिसरीची मुले चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटली गेली. काही वर्गांत १३ ते १७, काहींत २२ ते २५. लहान वर्गातली मुले वाचन-गणितात पुढे गेली, गरीब आणि कृष्णवर्णीय मुले विशेषतः. पण तिथे प्रत्येक वर्गाला स्वतंत्र शिक्षक होता आणि मुले एकाच इयत्तेची होती. १९९६ पासून कॅलिफोर्नियाने वर्ग २० मुलांवर आणायला घेतले, तर शिक्षकच पुरेनात आणि अप्रशिक्षितांची भरती झाली. मुंबई-वडोदऱ्यात मागे पडलेल्या मुलांना रोज दोनेक तास वेगळे शिकवले, ती सुधारली. बाकीच्या मुलांचा मूळ वर्ग तेवढा वेळ लहान झाला, त्याला मात्र काही लाभ दिसला नाही.

आपला पट तर कुणी ठरवून कमी केलेला नाही. गोवा मुक्तीनंतरच्या पहिल्या सरकारने गावोगाव मराठी शाळा काढल्या. नव्वदच्या सुमारास प्राथमिक अनुदान प्रादेशिक भाषेतून शिकवणाऱ्या शाळांपुरते ठेवले गेले. २०११ मध्ये इंग्रजी माध्यमालाही ते खुले झाले. समर्थकांनी पालकांच्या निवडीचा हक्क पुढे केला. विरोधकांचे म्हणणे, सरकारने स्वतःच्याच शाळांविरुद्ध पैसा घातला. मोर्चे निघाले, सरकार बदलले, अनुदान राहिले. गळती आधीपासून होती हे खरे, पण त्या निर्णयाने तिला सरकारी बळ मिळाले. अनुदानित शाळांचे बालरथ, म्हणजे शाळेच्या बसगाड्या, आज वाड्यावाड्यांवरून मुले नेतात.

मागे उरते ती एकशिक्षकी शाळा. पहिली ते चौथी एका खोलीत. चौथीचे गणित चालू असताना पहिलीचे मूल पाटीवर तेच अक्षर पुन्हा गिरवत बसते. कागदावर एका शिक्षकामागे १२ मुले, म्हणजे शिक्षणहक्क कायद्याच्या ३० च्या मर्यादेहून कितीतरी चांगले. पण त्याच कायद्यात ६० मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक सांगितले आहेत. विलीनीकरणाची फाईल हलण्याआधी त्या शाळेत दुसरा शिक्षक कधी दिला होता का, हे विचारले पाहिजे.