पित्ताशय काढलं, म्हणजे खडे कायमचे संपले?

‘पिशवीच काढली, आता खडा कुठून होणार?’ हे वाक्य रुग्ण तर बोलतातच, नातेवाईकही छातीठोकपणे सांगतात. पण पित्त तयार होतं यकृतात. पित्ताशय ही फक्त साठवणीची पिशवी. ती गेली तरी पित्त आतड्यात नेणारी पित्तनलिका जागेवरच असते आणि तिच्यात खडा मागे राहू शकतो, क्वचित नव्यानेही होतो. पित्ताशयाची कापलेली नळी बंद करायला लावलेली धातूची क्लिप कधी सरकून नलिकेत शिरते आणि तिच्याभोवती खडा जमतो. हे शस्त्रक्रियेनंतर काही वर्षांनीही घडलेलं आहे. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटात सांडलेला एखादा खडा बहुधा निरुपद्रवी राहतो, पण कधी त्याभोवती पू धरतो. नलिका आकसणं हाही त्यातलाच प्रकार.

हे सगळं दुर्मीळ आहे. बहुतेकांना पुढे काहीच होत नाही, तेव्हा साध्या गॅसने घाबरू नये.

मात्र डोळे पिवळे, लघवी गडद, शौच पांढुरकं, थंडी वाजून ताप किंवा उजव्या बरगडीखाली कळ असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि जुनी शस्त्रक्रिया आवर्जून सांगा. नलिकेतला खडा बहुतेकदा तोंडावाटे दुर्बीण घालूनच काढता येतो.