पुरुषांमधील स्तनकर्करोग : जनुकीय कारणे

पुरुषाच्या छातीतही स्तनाचे ऊतक असते; वयात येताना ते स्त्रीइतके वाढत नाही, एवढाच फरक. स्तनाग्रामागच्या या चिमूटभर ऊतकातही कर्करोग होऊ शकतो. एकूण स्तनकर्करोगांत त्याचा वाटा 1 टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असला, तरी आनुवंशिकता या मोजक्या रुग्णांत विशेष ठळकपणे दिसते.

मुख्य संबंध आहे बीआरसीए-2 या जनुकाशी. 13व्या गुणसूत्रावरचे हे जनुक 1995 मध्ये ओळखले गेले. डीएनएचे दोन्ही पदर तुटले की दुरुस्ती करणारे आरएडी-51 हे प्रथिन तुटलेल्या जागी नेऊन बसवणे हे बीआरसीए-2च्या प्रथिनाचे काम. मग शाबूत प्रतीवरून ती तूट बिनचूक सांधली जाते. जनुकाची एक प्रत जन्मतः सदोष असली तरी दुसरीवर भागते. एखाद्या पेशीत दुसरीही निकामी झाली की डीएनएत चुका साचू लागतात आणि त्यातून कर्करोग होऊ शकतो. सर्वसाधारण पुरुषाला आयुष्यात हा कर्करोग होण्याची शक्यता सुमारे 0.1 टक्का आहे. सदोष बीआरसीए-2 असल्यास निरनिराळ्या अभ्यासांनुसार ती साधारण 4 ते 8 टक्के होते. बीआरसीए-1 हे दुसरे जनुक सदोष असल्यासही धोका वाढतो, पण बराच कमी.

याचे सर्वांत बोलके उदाहरण आइसलँडचे. तिथे बीआरसीए-2मधील एकच दोष, 999डेल5, पिढ्यान्‌पिढ्या उतरत आला आहे. जनुकाच्या मजकुरातली पाच अक्षरे गळतात, पुढचे सारे वाचन सरकते आणि प्रथिन अर्धवट राहते. हा दोष तिथल्या 1 टक्क्याहूनही कमी लोकांत आहे. मात्र स्तनकर्करोग झालेल्या पुरुषांपैकी सुमारे 40 टक्क्यांत तो आढळला. लोकसंख्या लहान, वंशावळी तपशीलवार जपलेल्या आणि कर्करोगाच्या नोंदी देशभराच्या, म्हणून हे इतके स्पष्ट दिसू शकले. त्याच दोषाच्या काही घराण्यांत स्तनकर्करोग जास्त, तर काहींत प्रोस्टेट ग्रंथीचा. म्हणजे एकट्या जनुकावर सारे ठरत नाही.

सदोष प्रत बापाकडूनही येते आणि मुलगा असो वा मुलगी, प्रत्येक अपत्यात ती उतरण्याची शक्यता 50 टक्के असते. घरचा इतिहास सांगताना आई, मावशी, आजी एवढ्यांचीच नावे घेऊन थांबणे ही म्हणूनच मोठी चूक आहे. आत्याचा स्तनकर्करोग, काकांचा प्रोस्टेटचा, आजोबांचा स्वादुपिंडाचा, हे सारे तितकेच महत्त्वाचे. दोष वाहणारा पुरुष स्वतः जन्मभर निरोगी राहू शकतो, पण त्याच्या मुलीत तो उतरला तर तिला स्तनकर्करोगाबरोबरच बीजांडकोशाच्या कर्करोगाचाही मोठा धोका असतो.

पीएएलबी-2 आणि सीएचईके-2 या जनुकांतील दोषांचाही संबंध आढळला आहे. क्लाइनफेल्टर संलक्षणात, म्हणजे पुरुषात एक्स गुणसूत्र जादा असल्यास, धोका अनेक पटींनी वाढतो; ही स्थिती मात्र सहसा आनुवंशिक नसते.

बहुतेक गाठी इस्ट्रोजेन या संप्रेरकाला प्रतिसाद देणाऱ्या असल्याने त्याचा परिणाम रोखणारे टॅमॉक्सिफेन हे औषध उपयोगी पडते. स्तनाग्रामागे न दुखणारी घट्ट गाठ, आत ओढले गेलेले स्तनाग्र किंवा त्यातून रक्तस्राव ही लक्षणे लाजेपोटी लपवली जातात आणि निदान लांबते. स्तनकर्करोग झालेल्या प्रत्येक पुरुषाला, वय कितीही असो, जनुकीय समुपदेशन व चाचणी सुचवली जाते. मुंबईच्या टाटा स्मारक केंद्रात त्यासाठी कर्करोग जनुकशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. चाचणीत नेमका दोष सापडला, तर बहीण, भाऊ आणि सज्ञान मुलांमध्ये तेवढाच दोष रक्ताच्या किंवा लाळेच्या नमुन्यातून तपासता येतो.