तांबडा लांडगा: संकराची भीती आणि तिचा इतिहास

1973 ते 1980 या काळात टेक्सास-लुइझियानाच्या किनाऱ्यावर अमेरिकेच्या वन्यजीव खात्याने 400 हून अधिक प्राणी सापळ्यांत पकडले. खात्याला हवा होता तांबडा लांडगा, पिंजऱ्यात पैदास करून वाचवण्यासाठी. पण प्रत्येक प्राण्याची उंची मोजून, कवटीचा एक्स-रे काढून, ओरडणं ऐकूनही त्यांतले 43च जनावरं 'लांडगा असावा' या वर्गात बसली. बाकीचे कायोटी (लांडग्याचा उत्तर अमेरिकेतला लहान भाऊबंद) नाहीतर संकर. 43 मधल्या काहींना पुढे संकरित पिल्लं झाली आणि तीही बाद झाली. शेवटी 17 उरले, त्यांपैकी 14 जणांचाच वंश चालला. आजचे सगळे नोंदीतले तांबडे लांडगे या 14 जणांचे.

लांडगा, कायोटी, कुत्रा यांच्या पेशींत 78 गुणसूत्रं असतात आणि त्यांची संतती सहसा वांझ नसते. म्हणजे संकर अडतो तो मुख्यतः वागण्यामुळे: आपल्यातला जोडीदार मिळत असेल, तर लांडगा सहसा कायोटीकडे वळत नाही. शिकार आणि जंगलतोडीने लांडगे विरळ झाले, मोकळ्या जागेत पश्चिमेकडून कायोटी आले आणि अडसर निघाला.

1987 मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या अ‍ॅलिगेटर रिव्हर अभयारण्यात चार जोड्या सोडल्या. काही वर्षांत कायोटी तिथेही पोचले. मग एक युक्ती निघाली, मला ती फार हुशारीची वाटते: कायोटींना मारायचं नाही, नसबंदी करून परत सोडायचं. शरीरातली संप्रेरकं शाबूत असल्याने तो प्राणी आपली हद्द राखतो, दुसऱ्या कायोटीला घुसू देत नाही. पिल्लं मात्र होत नाहीत. लांडगा येईपर्यंत जागा धरून ठेवायची, एवढंच त्याचं काम. बंदुकीच्या गोळीवर मात्र ही युक्ती चालत नाही. विणीच्या हंगामाआधी लांडग्यांच्या जोडीतला एक मारला गेला, की उरलेला कायोटीशी जुळतो.

कायदा या सगळ्यात गोंधळलेलाच राहिला. 1973 च्या संकटग्रस्त प्रजाती कायद्यात संकराचा स्पष्ट उल्लेख नव्हता. 1977 मध्ये सरकारी विधी सल्लागारांनी संकरित प्राण्यांना संरक्षण नाही असं मत दिलं, ते 1990 मध्ये मागे घेतलं. पुढच्याच वर्षी जनुकीय अभ्यासातून तांबडा लांडगाच मुळात करड्या लांडग्याचा आणि कायोटीचा संकर असल्याचा दावा झाला. मग ज्याला संकरापासून वाचवायचं, तोच संकर? वाद बराच रंगला. 2019 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने ही स्वतंत्र प्रजाती मानावी असा निष्कर्ष काढला.

त्याच्या आदल्याच वर्षी टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टन बेटावरच्या, कायोटीसारख्या दिसणाऱ्या प्राण्यांच्या डीएनएत तांबड्या लांडग्याचा वारसा सापडला होता. त्यातले काही अंश तर पिंजऱ्यातल्या 14 जणांच्या वंशात उरलेलेच नव्हते. याच किनाऱ्यावर कधीकाळी 'कायोटी नाहीतर संकर' म्हणून चारशेतले बहुतेक प्राणी बाद ठरवले गेले होते.