टीव्हीवरच्या अ‍ॅनिमेमधली जुगाडू सेन्सॉरशिप

अ‍ॅनिमे म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन सिरीज टीव्हीवर दाखवताना त्यातलं रक्त, बंदुका, मरणं हे नुसतं कापायचं नाही तर त्याजागी भलतंच काहीतरी रंगवायचं किंवा डबिंगमध्ये संवादच फिरवायचे, असा हा प्रकार. नुसतं कापत गेलं तर गोष्ट कळेनाशी होते ना, म्हणून हा सगळा उद्योग. यात सगळ्यात गाजलेली अमेरिका, कारण तिथे जपानमधल्या जरा मोठ्या पोरांच्या सिरीज उचलून लहान मुलांच्या स्लॉटमध्ये बसवायचे.

१९९६ ला ड्रॅगन बॉल झेड ही मारामारीची सिरीज तिकडे आली तेव्हा पहिल्या ६७ एपिसोडचे काटछाट करून ५३ केले आणि मेलेली माणसं मरायचीच बंद झाली, ती म्हणे 'दुसऱ्या डायमेन्शनमध्ये' जायची. नरकातल्या राक्षसांच्या बनियनवर इंग्रजीत HELL लिहिलेलं होतं, तर त्याची अक्षरं बदलून 'एचएफआयएल' केलं आणि वर त्याचा फुलफॉर्मही शोधला, होम फॉर इन्फिनिट लूजर्स! हेलिकॉप्टर फुटलं की लगेच कोणीतरी सांगणार, पॅराशूट दिसले, वाचले सगळे.

पण खरा कळस केला तो फोरकिड्स या अ‍ॅनिमे डब करणाऱ्या अमेरिकन कंपनीने. यु-गि-ओ या सिरीजमध्ये गार्डच्या हातातली पिस्तुलं पुसून टाकली, त्यामुळे सूटबूटवाली माणसं नुसतं बोट रोखून धमकी देतात आणि समोरचा चक्क घाबरतो. पाय कापणाऱ्या गोल करवतींच्या जागी जादूच्या चकत्या आल्या, लागल्या की आत्मा थेट शॅडो रेल्ममध्ये, म्हणजे अंधाराच्या दुनियेत. आता कायमचं अंधारात अडकून पडणं हे मरण्यापेक्षा जास्त भीतीदायक आहे, हे तिथे कोणाच्या डोक्यात आलं नसावं. २००४ च्या वन पीस या सिरीजमध्ये सांजी नावाच्या पात्राच्या तोंडातल्या सिगारेटची लॉलीपॉप झाली, आणि कोबी नावाच्या पोराच्या डोक्याला लावलेल्या पिस्तुलाचा स्प्रिंगवाला हातोडा झाला.

सगळेच चॅनेल एवढे येडे नव्हते. कार्टून नेटवर्कच्या टूनामी या स्लॉटने २००० मध्ये गंडम विंग ही सिरीज दुपारी एडिट करून आणि मध्यरात्री जसंच्या तसं दाखवलं, तरी दुपारच्या व्हर्जनमध्ये त्यातला ड्युओ 'गॉड ऑफ डेथ' चा 'ग्रेट डिस्ट्रॉयर' झालाच.

जपान काही धुतल्या तांदळाचं नाही. वन पीसच्या मूळ मांगामध्ये, म्हणजे जपानी कॉमिकमध्ये, झेफ हे पात्र उपासमारीत स्वतःचाच पाय खातो, तिथल्या अ‍ॅनिमेत मात्र सांजीला वाचवताना पाय जातो, म्हणजे सीनचा जीवच गेला. सप्टेंबर २००७ मध्ये क्योटोत एका मुलीने वडिलांचा कुऱ्हाडीने खून केला आणि दुसऱ्याच दिवशी स्कूल डेज या अ‍ॅनिमेचा रक्तरंजित शेवटचा एपिसोड होता, तर चॅनेलने तो काढून निसर्गदृश्यं लावली, त्यात एक बोट दिसली आणि 'नाइस बोट' हा मीमच झाला.

२०१४ मध्ये टोकियो घूल आणि टेरा फॉर्मार्स या सिरीजच्या टीव्ही व्हर्जनमध्ये एवढे काळे पट्टे नि ठिपके होते की कोण कोणाला मारतंय तेच कळेना. त्याच वर्षी जोजो या सिरीजमध्ये हिरो जोतारो अल्पवयीन म्हणून सिगारेट ओढताना त्याच्या तोंडावर काळी सावली टाकली, मारामारी मात्र जोरात चालू. हे पट्टे सहसा ब्लू-रेवर काढून टाकतात, त्यामुळे डिस्क विकायला ते लावतात असाही फॅन लोकांचा जुना संशय आहे.