गोळी बंद केली, असर कधी ओसरतो?

दात काढायचा असो की हर्नियाचं ऑपरेशन, नाशिकच्या कुठल्याही दवाखान्यात एक प्रश्न ठरलेला असतो : रक्त पातळ करायची गोळी किती दिवस आधी बंद करायची? प्रत्येक औषधाचं उत्तर वेगळं आहे आणि त्याचं कारण त्या औषधाच्या इतिहासात सापडतं. खरं तर या औषधांनी रक्त पातळ होत नाही, ते गोठायला उशीर लागतो.

१९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेत गुरं रक्तस्रावाने मरू लागली. कारण निघालं बुरशी लागलेला स्वीट क्लोव्हरचा चारा. १९३३ मध्ये विस्कॉन्सिनचा एक शेतकरी मेलेली कालवड, तो चारा आणि न गोठलेल्या रक्ताने भरलेला दुधाचा कॅन घेऊन विद्यापीठात पोचला. तिथे कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेने सहा वर्षांनी त्यातलं द्रव्य वेगळं केलं : डायक्युमेरॉल. त्याचाच भाऊबंद वॉरफरिन १९४८ मध्ये उंदरांचं विष म्हणून बाजारात आला आणि १९५४ मध्ये माणसांसाठी मंजूर झाला.

वॉरफरिन रक्तात आधीपासून असलेल्या गोठण-घटकांना (रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांना) हात लावत नाही. ते यकृतात व्हिटॅमिन के चा पुनर्वापर अडवतं, त्यामुळे नवे घटक निकामी तयार होतात. गोळी बंद केल्यावर औषध निम्मं व्हायलाच सुमारे ४० तास लागतात. मग यकृताने चांगले घटक पुन्हा भरून काढायचे. म्हणून मोठ्या ऑपरेशनआधी साधारण ५ दिवस. आपल्याकडे जास्त दिसणारी असिट्रॉम (म्हणजे निकूमॅलोन) याच घराण्यातली, पण लवकर उतरते. तिला साधारण २-३ दिवस पुरतात. हिवाळ्यात पंचवटीच्या बाजार समितीत मेथी-पालकाचे ढीग लागतात, घरात रोज व्हिटॅमिन के असलेली पालेभाजी होते आणि आयएनआर (रक्त गोठायला किती उशीर लागतो ते सांगणारा तपासणीतला आकडा) खाली घसरतो. भाजी सोडायची नाही, फक्त तिचं प्रमाण वर्षभर सारखं ठेवायचं.

अ‍ॅस्पिरिनची गोष्ट अगदी उलटी. ते स्वतः रक्तात १५-२० मिनिटांतच निम्मं होतं, पण भेटलेल्या प्लेटलेटला (गुठळी धरणाऱ्या रक्तातल्या बारीक कणाला) कायमचं निकामी करून जातं. प्लेटलेटचं आयुष्य ७ ते १० दिवस, तेवढाच असर. हे कसं घडतं याचा धागा ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये शोधला. १९८२ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. क्लोपिडोग्रेल ही प्लेटलेटवरचीच दुसरी गोळीही अशीच चिकटून बसते. हृदयाच्या धमनीत स्टेंट (ती उघडी ठेवणारी जाळीदार नळी) घातलेल्याने मात्र यातली एकही गोळी हृदयरोगतज्ज्ञाला न विचारता बंद करू नये. स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. साध्या दातासाठी तर बहुतेकदा काहीच थांबवावं लागत नाही, दाबून धरलेला कापूस आणि टाके पुरतात.

शिरेतून दिलेलं हेपॅरिन या औषधांत सर्वांत चटकन उतरतं, तास-दीड तासात निम्मं.

२०१० नंतर रुळलेल्या डॅबिगॅट्रान, रिव्हारोक्साबॅन, अपिक्साबॅन या गोळ्या थेट एकाच गोठण-घटकाला अडवतात, म्हणून औषध गेलं की असरही जातो. बहुतेकांत १ ते २ दिवस. अडचण मूत्रपिंडाची. डॅबिगॅट्रानचा सुमारे ८० टक्के भाग लघवीवाटे जातो. मूत्रपिंड थकलेलं असेल तर तीच गोळी ४ दिवसही रेंगाळते, म्हणून ऑपरेशनआधी क्रिएटिनिनचा (मूत्रपिंड कसं चालतं ते दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) ताजा रिपोर्ट आणि शेवटची गोळी कोणत्या दिवशी, किती वाजता घेतली हे दोन्ही विचारतात.