घर तापवायला पाणी किती गरम हवं?

थंडी तोंडावर आली की घर तापवायची यंत्रणा बदलायचे बेत सुरू होतात आणि पहिला प्रश्न हमखास ताकदीचा असतो: यंत्र किती किलोवॅटचं घ्यायचं? माझ्या मते आधी बघायला हवं ते रेडिएटरमधल्या, म्हणजे खोली तापवण्यासाठी भिंतीला लावलेल्या धातूच्या पोकळ पट्ट्यांत फिरणाऱ्या पाण्याचं तापमान. ७० अंशांचं पाणी लागतं, की ४५ अंशांवर भागतं?

हे पाणी गॅस जाळून तापवणाऱ्या बॉयलरचंच उदाहरण बघा. नैसर्गिक वायू जळताना पाण्याची वाफ तयार होते. एक किलो वाफेचं पाणी झालं की सुमारे २,२६० किलोज्यूल उष्णता सुटते. कंडेन्सिंग बॉयलर हीच उष्णता पकडतो. पण रेडिएटरमधून परतणारं पाणी साधारण ५५ अंशांपेक्षा थंड असेल तरच. परतीचं पाणी त्याहून गरम असेल, तर वाफ तशीच धुराड्यातून निघून जाते आणि महागाचा बॉयलर नावापुरताच कंडेन्सिंग उरतो.

हीट पंपाचं तर सगळं गणितच पाण्याच्या तापमानावर चालतं. तो उष्णता निर्माण करत नाही, बाहेरच्या गार हवेतली उपसून आत आणतो. शून्य अंशाची हवा आपल्याला गार लागते, पण ती निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे शक्य असलेल्या सर्वांत कमी तापमानाच्या, २७३ अंश वर असते; म्हणून तिच्यातही उपसण्याजोगी उष्णता असते. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी अशी उष्णता उपसून घर तापवायची कल्पना १८५२ मध्येच मांडली होती. बाहेर शून्य अंश असताना पाणी ३५ अंशांपर्यंत तापवायचं असेल, तर एक युनिट विजेत जास्तीत जास्त ८.८ युनिट उष्णता मिळू शकते. ६० अंशांसाठी हाच आकडा ५.६ वर येतो. प्रत्यक्षात यंत्रं याच्या निम्म्याच्या आसपास पोचतात. तारेच्या हीटरला मात्र एका युनिटला एकच.

मग कोमट पाण्यावर खोली तापेल? तोच रेडिएटर, खोली २० अंशांवर. पाणी ७० वरून ४० अंशांवर आणलं, तर मिळणारी उष्णता एक तृतीयांशाच्याही खाली जाते. म्हणजे एक तर रेडिएटर मोठे हवेत, नाहीतर घराची गरजच कमी व्हायला हवी. दुसरा मार्ग बहुधा स्वस्त. गरम हवा हलकी होऊन छताजवळच्या फटींतून निसटते आणि तितकीच गार हवा खालच्या फटींतून आत ओढली जाते. वारा असलेल्या दिवशी पेटती उदबत्ती खिडकीच्या चौकटीलगत हळूहळू फिरवा. सरळ वर जाणारा धूर जिथे आडवा होतो, तिथे फट आहे. ती बुजवा, मग छतावर उष्णतारोधक थर. मात्र घरात उघड्या ज्योतीचं उपकरण असेल, तर हवा येण्याची वाट बंद करू नका आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावाच. या विषारी वायूला ना रंग ना वास.

रेडिएटर वर गार आणि खाली गरम लागला, तर आत हवा अडकली आहे. वरची झडप किल्लीने किंचित सैल केली की फुस्स करून ती निघते. खालीच गार असेल, तर गाळ साठलाय.

पहिली कडक थंडी पडली की बॉयलर ५० अंशांवर आणून एक दिवस बघा. सगळ्या खोल्या उबदार राहिल्या, तर हे घर हीट पंपाला तयार आहे. एखादीच खोली मागे पडली, तर तिथल्या फटी शोधा, नाहीतर तेवढाच रेडिएटर बदला. हा प्रयोग फक्त रेडिएटरच्या पाण्यावर करायचा. अंघोळीचं साठवलेलं पाणी ६० अंशांवरच राहू द्या. कोमट टाकीत फुफ्फुसांचा गंभीर आजार करणारे लेजिओनेला जिवाणू वाढतात.